पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी माणसाला मुद्दाम सांगावी लागत नाही. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, ज्यांचे पोट भरण्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो आणि घरातले सगळे हात वर करतात. तू आणशील ते आम्ही खाऊ, पाप मात्र तुझे तुला. गोष्ट तिथून रामनामाकडे वळते, वाल्याचा वाल्मीकी होतो, आणि त्या घरातली माणसे मागे राहतात. त्यांचे उत्तर बरोबर होते की नाही, हे गोष्ट सांगणारा विचारत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही.

महाभारताने मात्र हा प्रश्न विचारला आहे. पाप एकाच्या हातून घडले आणि भोवती शंभर माणसे बसली होती, तर त्या शंभरांकडे काय जाते? सभापर्वात, द्रौपदीची विटंबना चालू असताना, या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. तेही मोघम नव्हे, हिशेब मांडून, अपूर्णांकांत. द्यूताचा प्रसंग आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो दुर्योधन, दुःशासन, कर्ण आणि शकुनी या चौघांच्या दुष्टपणाची कथा आहे, असे आपण धरूनच चालतो. मूळ ग्रंथ शांतपणे वाचला तर लक्षात येते की व्यासांची नजर या चौघांपेक्षा बसून राहिलेल्यांवर जास्त वेळ खिळलेली आहे.

हस्तिनापुरात द्यूतासाठी सभागृह मुद्दाम बांधून घेतले ते धृतराष्ट्राने. युधिष्ठिराला आमंत्रण धाडले तेही त्यानेच, आणि ते घेऊन जायला पाठवले विदुराला, ज्याचा या खेळाला विरोध होता. खेळ सुरू झाला. दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकत होता. धन गेले, राज्य गेले. मध्येच विदुराने उठून सांगितले की या एका मुलाचा त्याग कर आणि कुळ वाचव. दुर्योधनाने त्याचा अपमान केला, धृतराष्ट्र काही बोलला नाही, खेळ पुढे चालू राहिला. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, आणि शेवटी युधिष्ठिर स्वतः. त्यानंतर शकुनीने सुचवले की अजून द्रौपदी उरली आहे.

युधिष्ठिराने तिला पणाला लावले, त्या क्षणी सभेत काय झाले हे ग्रंथात एकेका माणसाचे नाव घेऊन सांगितले आहे. वृद्धांच्या तोंडून धिक्काराचे शब्द निघाले. भीष्म, द्रोण आणि कृप यांना घाम फुटला. विदुर डोके हातात धरून खाली मान घालून बसला. आणि धृतराष्ट्र? तो पुन्हा पुन्हा विचारत होता, जिंकले का? जिंकले का? मनातला आनंद त्याला चेहऱ्यावर लपवता आला नाही. आंधळ्या राजाला फासे दिसत नव्हते, म्हणून त्याला विचारावे लागत होते. संपूर्ण प्रसंगात या एका प्रश्नाइतके भयंकर दुसरे काही मला वाटत नाही. दुःशासनाचे कृत्य भयंकर आहेच, पण त्याच्या अंगात मद आहे, तो आज्ञा पाळतो आहे, त्याच्याकडून कुणी वेगळी अपेक्षा केलेली नाही. धृतराष्ट्राच्या हातात मात्र नुसता हात वर करून खेळ थांबवण्याचे सामर्थ्य होते. पुढे तो थांबवतोही, म्हणजे हे सामर्थ्य त्याच्याकडे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

द्रौपदीला आणायला दुर्योधनाने आधी विदुराला सांगितले. विदुराने साफ नकार दिला आणि कारणही दिले : स्वतःवरचा हक्क गमावल्यावर राजाने तिला पणाला लावले, म्हणून ती दासी झालेलीच नाही. मग प्रातिकामी नावाच्या सूताला, म्हणजे एका सेवकाला, पाठवले गेले. द्रौपदीने त्याच्याजवळ प्रश्न दिला : त्या जुगाऱ्याला सभेत जाऊन विचार, आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला? सेवकाने तो प्रश्न भर सभेत जसाच्या तसा विचारला. युधिष्ठिर जणू प्राण गेल्यासारखा बसून राहिला. दुर्योधन म्हणाला, तिने इथे येऊन विचारावे. पुन्हा फेरी झाली. अखेर पुन्हा आणायला जायचा हुकूम झाला तेव्हा तो सेवक गेला नाही. तो सभासदांकडे वळला आणि म्हणाला, मी तिला काय सांगू? धनी समोर उभा असताना, त्याचा हुकूम बाजूला ठेवून, एका नोकराने सभेला उत्तर मागितले. कीर्तनांत, नाटकांत, चित्रपटांत हा प्रातिकामी क्षणभर येतो आणि जातो. मला तो या सभेतल्या थोड्या शूर माणसांपैकी एक वाटतो. दुर्योधनाने त्याला भेकड ठरवले आणि दुःशासनाला पाठवले.

रजस्वला, एकवस्त्रा द्रौपदीला केसांना धरून आणले गेले. तिने सभेत येऊन तोच प्रश्न विचारला आणि तो भीष्मांकडे पोहोचला. इथे व्यासांनी सर्वांत अवघड काम केले आहे. भीष्मांना त्यांनी दुष्ट ठरवले नाही, मूर्खही ठरवले नाही. त्यांना उत्तर द्यायला लावले आहे. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. ज्याची स्वतःवरच सत्ता नाही तो दुसऱ्याचे धन पणाला लावू शकत नाही हे खरे, पण पत्नी पतीच्या अधीन असते हेही पाहावे लागते. युधिष्ठिर सारी पृथ्वी सोडील पण धर्म सोडणार नाही, आणि तोच स्वतःच्या तोंडाने म्हणाला आहे की मी जिंकला गेलो. म्हणून तुझ्या प्रश्नाचा निर्णय मला करता येत नाही.

या उत्तरात तर्काची चूक काढणे सोपे नाही. दोन्ही बाजू बरोबर मांडल्या आहेत. एखाद्या ग्रंथशाळेत, शिष्य भोवती बसलेले असताना हे उत्तर दिले असते तर त्याचे कौतुक झाले असते. पण समोर एका स्त्रीचे केस दुःशासनाच्या मुठीत आहेत. तिला दासी ठरवायचे की नाही हा प्रश्न सोडवायला वेळ लागणार असेल, तर तोवर त्याला हात काढायला सांगणे एवढे तरी शक्य होते. भीष्मांनी ते सांगितले नाही. जितके ज्ञान जास्त, तितकी न बोलण्याची कारणे जास्त सापडली. सभेत धर्म सर्वांत अधिक जाणणारा माणूस हाच होता, आणि त्या जाणण्याचा उपयोग त्याने निर्णय न देण्यासाठी केला. पुढे दुसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा भीष्म आणखी मागे सरकले : बलवान ज्याला धर्म म्हणतो तोच जगात धर्म ठरतो, असे म्हणून त्यांनी निर्णय युधिष्ठिरावरच सोपवला.

असे का झाले? आपल्याकडे कीर्तनकार एक गोष्ट सांगतात. शरपंजरी पडलेले भीष्म पांडवांना धर्म सांगत असताना द्रौपदी हसते; भीष्म कबूल करतात की तेव्हा दुर्योधनाच्या अन्नाने माझी बुद्धी मलिन झाली होती, आता बाणांवाटे ते रक्त वाहून गेले. ही लोककथा आहे, पण तिची मुळी महाभारतातच सापडते. भीष्मपर्वात, युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी, युधिष्ठिर शस्त्र खाली ठेवून भीष्मांच्या पाया पडायला जातो, तेव्हा भीष्म त्याला सांगतात की माणूस धनाचा दास असतो, धन कुणाचेच दास नसते. कौरवांच्या धनाने मी बांधला गेलो आहे. नंतर युधिष्ठिर द्रोणांकडे जातो, कृपांकडे जातो, शल्याकडे जातो. चौघेही जवळजवळ तेच सांगतात. तेरा वर्षांपूर्वी सभेत जे कोडे सुटत नव्हते त्याचा एक मोठा भाग इथे, रणभूमीवर, विचारणाराच नमस्कार करत असताना, उघड होतो. धर्म सूक्ष्म होता हे खोटे नव्हते. पण त्याच्या मागे घरचे अन्नही होते.

सभेत एकाने उत्तर दिले. तो विकर्ण, धृतराष्ट्राचाच मुलगा, वयाने लहान. आधी त्याने वडीलधाऱ्यांची नावे घेऊन बोलण्याची विनंती केली. कुणी बोलेना. तेव्हा हात चोळत, सुस्कारे टाकत तो उभा राहिला आणि त्याने मुद्दे मांडले. शिकार, मद्य, द्यूत आणि स्त्रीसंग या राजांच्या व्यसनांत सापडलेल्या माणसाने केलेले व्यवहार लोक मानत नाहीत. द्रौपदी पाचही भावांची पत्नी आहे. युधिष्ठिराने तिला स्वतःला हरल्यानंतर पणाला लावले. आणि तिचे नाव आधी शकुनीने काढले. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. भीष्मांना जे सूक्ष्म वाटले ते या मुलाने चार वाक्यांत सोडवले, आणि सभेतून मोठा गलका उठला. लोक विकर्णाची वाहवा करत होते, शकुनीची निंदा करत होते. म्हणजे सभेला काय योग्य ते कळत होते. दुसरा कुणी बोलला की हुंकार भरण्याइतके धैर्यही तिच्यात होते.

मग कर्ण उठला. तो विकर्णाला पोर म्हणाला, द्रौपदीबद्दल न बोलावे ते बोलला. त्याच्या भाषणातला एक मुद्दा मात्र थंडपणे विचार करण्यासारखा आहे. हे सगळे वडीलधारे गप्प आहेत, कर्ण म्हणतो, याचा अर्थ ती जिंकली गेली असे ते मानतात. ज्यांना वाटत होते की आपण कोणत्याच बाजूला नाही, त्यांची गणना कर्णाने आपल्या बाजूला करून टाकली. आणि त्याला कुणी खोडून काढले नाही. वस्त्रे उतरवण्याचा हुकूम त्या मौनाच्या आधारावर दिला गेला.

वस्त्रहरणानंतर विदुर दोन्ही हात वर करून उठला आणि त्याने एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात, एका मुलीवरून, श्रेष्ठ कोण असा वाद झाला. दोघांनी प्राण पणाला लावले आणि न्याय मागितला प्रल्हादाकडे, म्हणजे एका पक्षाच्या बापाकडे. प्रल्हाद गडबडला. खरे बोलावे तर मुलाचा जीव जातो. त्याने कश्यपांना विचारले की प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याचे काय होते. कश्यपांनी सांगितले की जाणत असून जो लोभाने, रागाने किंवा भीतीने बोलत नाही, त्याला वरुणाचे हजार पाश बांधतात आणि एक पाश सुटायला एक वर्ष लागते. अधर्माने घायाळ झालेला धर्म सभेकडे येतो. सभासदांनी त्याच्या अंगातला बाण काढला नाही, तर तो त्यांनाच लागतो. आणि मग हिशेब : निंद्य कृत्याची जिथे निंदा होत नाही तिथे अर्धे पाप सभेच्या प्रमुखाला, चौथा हिस्सा करणाऱ्याला, आणि चौथा हिस्सा गप्प बसणाऱ्यांना. निंदा झाली, तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात आणि सगळे पाप करणाऱ्याच्या माथी जाते.

हा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायसभेच्या नियमांत, जवळपास हीच कल्पना येते, पण तिथे वाटणी सारखी आहे : कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. महाभारतातल्या विदुराच्या कथेत साक्षीदार वेगळा नाही आणि प्रमुखाचा वाटा दुप्पट होतो. ज्या सभेत ही कथा सांगितली जाते आहे तिथे प्रमुखाच्या आसनावर धृतराष्ट्र बसलेला आहे. दुःशासनाच्या हाताला एक चतुर्थांश, आणि "जिंकले का?" विचारणाऱ्या बापाला त्याच्या दुप्पट. या वाटणीत पाप करणाऱ्याचे ओझे कमी होते, अशी तक्रार कुणी करील. तिच्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मला ती वाटणी महत्त्वाची वाटते. निषेध झाला नाही की अपराध्याचा अपराधही पूर्णपणे त्याचा राहत नाही, त्याला आश्रय मिळतो. त्याला त्याच्या कृत्यासह एकटे पाडायचे असेल तर सभेनेच बोलले पाहिजे.

कथेत प्रल्हाद बोलला. त्याने मुलाला तोंडावर सांगितले की सुधन्वा तुझ्यापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि सुधन्व्याने त्या न्यायबुद्धीवर प्रसन्न होऊन विरोचनाला जीवदान दिले. दैत्यांचा राजा स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल देऊ शकला, हे कुरूंच्या राजाला त्याच्या मुलाच्या समोर सांगितले गेले. ऐकून सभा पुन्हा गप्प राहिली. कर्णाने दुःशासनाला सांगितले, या दासीला घरात ने.

आपल्या मनात या प्रसंगाचे जे चित्र असते त्यात श्रीकृष्ण असतो. द्रौपदी धावा करते, कृष्ण वस्त्रे पुरवतो, आणि ऐकणाऱ्यांचा श्वास मोकळा होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, वि. स. सुकथनकर तिचे दीर्घकाळ प्रमुख संपादक होते, आणि त्यातले सभापर्व अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. हस्तलिखितांची तुलना करून त्यांनी द्रौपदीचा धावा मूळ संहितेतून बाजूला काढला. तिथे एका वस्त्राच्या जागी दुसरे वस्त्र येत राहते एवढेच आहे, कुणी दिले ते सांगितलेले नाही. उद्योगपर्वात कृष्ण मात्र म्हणतो की दूर असताना तिने मला हाक मारली ते ऋण माझ्यावर वाढते आहे, आणि हे वचन चिकित्सक आवृत्तीतही आहे. भक्ताला धावा हवा असतो, त्याच्या भावनेला मी धक्का लावू इच्छित नाही. पण धावा काढून वाचले की एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. देव आला की आपले डोळे वर जातात. देवाचे नाव नसते तेव्हा ते बसलेल्या माणसांवरच राहतात.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) द्रौपदीवर ठपका ठेवला आहे. तिने कायद्याचा कीस काढला, पंडितेसारखा वाद घातला, ही तिची मोठी चूक, असे त्यांचे मत. इतक्या मर्मज्ञ वाचकाशी मतभेद नोंदवताना संकोच होतो, तरी मला ते पटत नाही. दयेची याचना केली असती तर सभेने दया दाखवली असती किंवा नाकारली असती, आणि दोन्ही प्रकारांत सभा सभाच राहिली असती. प्रश्न विचारल्यामुळे सगळ्यांना उत्तर देणे भाग पडले, आणि उत्तर न देणे हे प्रत्येकाचे कृत्य ठरले. त्या दिवशी नि:संदिग्ध बोलले कोण? एक सेवक, दासीपुत्र विदुर, धाकटा विकर्ण आणि स्वतः द्रौपदी. ज्यांचा मान मोठा होता त्यांतला एकही नाही.

आणि प्रश्न अनुत्तरितच राहिला. दुर्योधनाने मांडी उघडी केली, भीमाने ती फोडण्याची प्रतिज्ञा केली, अर्जुनाने विचारले की स्वतःला हरलेला माणूस कुणाचा धनी? तेवढ्यात धृतराष्ट्राच्या अग्निगृहात कोल्हा ओरडला, गाढवे प्रत्युत्तर देऊ लागली. गांधारी आणि विदुराने त्या अपशकुनाकडे राजाचे लक्ष वेधले, आणि आता कुठे धृतराष्ट्र दुर्योधनावर रागावून द्रौपदीला वर मागायला सांगतो. न्यायाने जे झाले नाही ते भीतीने झाले. द्रौपदीने पहिल्या वराने युधिष्ठिराला सोडवले, आपल्या मुलाला कुणी दासाचा मुलगा म्हणू नये म्हणून. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, शस्त्रे आणि रथांसह. तिसरा वर तिने नाकारला. ती दासी होती की नव्हती, याचा निकाल कुणी दिला नाही.

विकर्णाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. युद्धात तो भावाच्याच बाजूने लढला. चौदाव्या दिवशी भीमाने त्याला मारले आणि मारल्यावर त्याच्यासाठी शोक केला. शंभरांना मारण्याच्या प्रतिज्ञेने बांधलेलो म्हणून तुला मारावे लागले, असे तो म्हणतो. धृतराष्ट्राचा दुसरा एक मुलगा, दासीच्या पोटचा युयुत्सु, युद्धापूर्वी पांडवांकडे गेला आणि जिवंत राहिला. सभेत बोलणे आणि सभा सोडणे यांतले अंतर विकर्णाला ओलांडता आले नाही.

अशीच दुसरी सभा विराटपर्वात भरते. सैरंध्री झालेल्या द्रौपदीला कीचक राजा विराटासमोर लाथ मारतो. विराट म्हणतो, तुमचे भांडण माझ्या पाठीमागे झाले, मी काय न्याय देणार? आणि कंक झालेला युधिष्ठिर तिला सांगतो की इथे रडत उभी राहू नकोस, द्यूत खेळणाऱ्यांच्या खेळात तू विघ्न आणतेस. अज्ञातवास उघड होऊ नये ही त्याची अडचण खरी होती. तरीही द्यूताचेच कारण त्याच्या तोंडी यावे! कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि थांबा म्हणणाऱ्या धर्मराजात मवाळ पुढारी दिसले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. राज्यकर्त्यांना कीचकाच्या चित्राचा राग आला असेलच. पण नाटक पाहणाऱ्यांना जे अधिक झोंबत होते ते सभेतल्या आसनांवर बसलेल्यांचे चित्र होते, कारण त्या आसनांवर ते स्वतः होते.

हस्तिनापूरला परत जाऊ. वर मिळाले, राज्य परत मिळाले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. दुर्योधन बापाकडे गेला आणि म्हणाला, त्यांना परत बोलाव, एकच डाव, हरेल त्याला बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. या वेळी द्रोण बोलले. भीष्म बोलले. सोमदत्त, बाल्हीक, भूरिश्रवा, अश्वत्थामा, विदुर, युयुत्सु, विकर्ण, सगळे बोलले. पुन्हा द्यूत नको, शांतता राहू दे, असे त्यांनी राजाला स्पष्ट सांगितले. गांधारीनेही मुलाचा त्याग करायला सांगितले. म्हणजे या माणसांना बोलता येत होते. आदल्या सभेत एका स्त्रीसाठी जो निर्णय होऊ शकला नाही, तो युद्धाचे सावट दिसताच एका सुरात झाला. धृतराष्ट्राने सर्वांचे ऐकून घेतले आणि वाटेवरून पांडवांना परत आणायला तोच सेवक, प्रातिकामी, पाठवला.